कोऱ्या जागेचे गुण कापण्याआधी: संगणक अभ्यास मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, संगणक अभ्यास मंडळ,
तसेच पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचे पेपर काढणारे, मॉडरेट करणारे, छापणारे आणि तपासणारे सर्व सहकारी

स. न. वि. वि.

यंदाच्या उन्हाळी परीक्षेच्या मॉडेल आन्सरसोबत तपासनिसांसाठी ज्या सूचना आल्या, त्यांत एक नवी ओळ होती. प्रोग्रामचे इंडेंटेशन (ओळ आत घेण्यासाठी तिच्या सुरुवातीला सोडलेली मोकळी जागा) चुकले असेल तर प्रत्येक ठिकाणी अर्धा गुण कापावा, आणि योग्य इंडेंटेशन म्हणजे चार स्पेस. त्याच पाकिटात प्रश्नपत्रिकाही होती. तिच्यातल्या एका प्रोग्रामला इंडेंटेशनच नव्हते. सगळ्या ओळी डाव्या समासाला चिकटलेल्या, खाली प्रश्न: 'आउटपुट लिहा.'

मुलांनी हाताने सोडलेली मोकळी जागा आम्ही मोजायची आणि मंडळाने छापायची मोकळी जागा कुठे गेली ते मात्र कोणी विचारायचे नाही, हे मला पटत नाही. विभागात बोलून झाले, मॉडरेटरांच्या कानावर घालून झाले, लेखीही कळवले. उत्तर आले नाही, म्हणून उघड पत्र लिहिते आहे.

मी डिप्लोमाच्या मुलामुलींना प्रोग्रामिंग शिकवते. आधी सी, मग जावा, आता बरीच वर्षे पायथॉन. माझ्या वर्गातल्या अनेकांच्या घरी कम्प्युटर नाही; लॅब संपली की त्यांचा कोड वहीत असतो, नाहीतर मोबाईलच्या चिंचोळ्या स्क्रीनवर. थिअरीत दोन-चार गुण इकडचे तिकडे झाले की कोणाला केटी लागते (विषय पुन्हा द्यावा लागतो), कोणाचा इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचा हवा तो प्रवेश हुकतो. आणि ते गुण कापणारा लाल पेन माझ्या हातात असतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पत्राचा भलताच अर्थ लावला जाईल. सी-जावासारख्या भाषा ओळींचे गट महिरपी कंसांनी पाडतात, पायथॉन ते ओळी आत घेऊन पाडते; मी कंसांच्या पक्षातली नाही. पायथॉनने मोकळ्या जागेला व्याकरणात बसवले ते मला मनापासून आवडते. ही कल्पना तशी पायथॉनची नाहीच. संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांनी १९६६ मध्ये ती मांडली आणि फुटबॉलमधला 'ऑफसाइड' शब्द तिला दिला. पुढे अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत नवशिक्यांसाठी एबीसी नावाची भाषा तयार झाली, तिने ओळी आत सरकवूनच गट पाडले. त्या कामात असलेल्या गिडो व्हॅन रॉसम यांनी ती पद्धत आपल्या भाषेत घेतली आणि १९९१ मध्ये पायथॉन बाहेर आली. म्हणजे शिकणाऱ्याला सोपे जावे हाच या सगळ्याचा मूळ हेतू.

त्यामागचा विचारही पक्का आहे. माणूस कोड वाचताना कंस मोजत बसत नाही, ओळ किती आत आहे ते बघतो. सीचा कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) फक्त कंस बघतो. दोघांचे वाचन जुळले नाही की घात होतो. २०१४ च्या फेब्रुवारीत अॅपलच्या आयफोन आणि मॅकमध्ये सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडात असेच सापडले: 'गोटू फेल' (थेट शेवटच्या भागावर उडी मारा) ही ओळ चुकून दोनदा आली होती. दुसरी ओळही पहिलीइतकीच आत सरकलेली, त्यामुळे वाचणाऱ्याला ती 'इफ' या अटीच्या पोटात वाटायची. कंस नसल्याने प्रत्यक्षात ती 'इफ'च्या बाहेर होती, दरवेळी चालायची, आणि पुढची सही पडताळणारी तपासणी होतच नव्हती. दोन वर्षांनी जीसीसी कंपायलरने 'इंडेंटेशन फसवे आहे' अशी सूचना द्यायला सुरुवात केली. पायथॉनमध्ये डोळ्याला दिसते तेच यंत्राला कळते, म्हणून ही भाषा मी आनंदाने शिकवते.

आमच्या स्टाफरूममध्ये यावर वाद आहेत. एक सर ठामपणे म्हणतात, जी गोष्ट कागदावर उमटतच नाही तिला अर्थ देणारी भाषा परीक्षेला लावूच नये. मी त्यांच्याशी वर्षानुवर्षे भांडत आले. मंडळाच्या प्रश्नपत्रिका मात्र दरवर्षी त्यांच्याच बाजूने साक्ष देतात, हे माझे खरे दुखणे आहे.

आता तक्रारी.

पहिली, आणि सगळ्यात मोठी, छपाईची. वर सांगितलेला प्रोग्राम अगदी साधा होता. 'टोटल'मध्ये शून्य. मग 'रेंज'मध्ये ४ दिलेला 'फॉर' लूप, म्हणजे 'आय'ला ० ते ३ किमती देत आतल्या ओळी चार वेळा चालवणारी आज्ञा. त्याखाली 'टोटल'मध्ये 'आय' मिळवणारी ओळ. त्याखाली 'टोटल' छापणारी 'प्रिंट'. 'प्रिंट' लूपच्या आत असेल तर आउटपुटच्या चार ओळी येतात: ०, १, ३, ६. बाहेर असेल तर एकच: ६. आणि जसे छापले आहे तसेच्या तसे टाइप केले तर काहीच येत नाही, 'इंडेंटेशन एरर' येते, कारण 'फॉर'खाली निदान एक ओळ आत हवीच. एका प्रश्नाला तीन उत्तरे, आणि मॉडेल आन्सरमध्ये फक्त '६'. ज्या मुलाने लिहिले, 'हा प्रोग्राम चालणार नाही, लूपखालची ओळ आत घेतलेली नाही', त्याला व्याकरण सगळ्यात चांगले येते. त्याला शून्य द्यायचे?

हे एकदाच घडले असते तर मुद्रणदोष म्हणून सोडून दिले असते. पण दोन कॉलमच्या प्रश्नपत्रिकेत कोड बसवायचा म्हणून लांब ओळ मोडून खाली येते आणि नवी ओळ असल्यासारखी दिसते. कधी सगळा मजकूर दोन्ही बाजूंनी जस्टिफाय केलेला असतो, त्यात शब्दांमधल्या जागा ताणल्या जातात. कधी फंक्शनची सुरुवात पानाच्या तळाशी आणि शेवट पुढच्या पानाच्या माथ्यावर. पान उलटल्यावर पहिलीच ओळ 'रिटर्न'ची. ती लूपच्या आत आहे की फक्त फंक्शनच्या आत? वरची ओळ मागच्या पानावर राहिली, मापायचे कशाशी? परीक्षेला बसलेले मूल पान पुढे-मागे उलटत राहते, आणि पर्यवेक्षक त्याच्याकडे संशयाने बघत राहतात.

याला जोडूनच वर्डच्या ऑटोकरेक्टचे उपद्व्याप. ओळीच्या सुरुवातीचे अक्षर ते आपोआप कॅपिटल करते, म्हणून 'फॉर'चा एफ मोठा, 'प्रिंट'चा पी मोठा. सरळ अवतरणचिन्हांची वळणदार होतात. पायथॉनला यातले काहीच चालत नाही. 'त्रुटी शोधा' या प्रश्नात मुलांनी अशा चुका प्रामाणिकपणे शोधून दिल्या, तर मॉडेल आन्सरमध्ये त्यांचा पत्ताच नसतो, कारण त्या पेपर काढणाऱ्याने केलेल्याच नसतात.

दुसरी तक्रार गुण कापण्याच्या नव्या नियमाची. 'योग्य इंडेंटेशन म्हणजे चार स्पेस' हा पायथॉनचा नियम नाही. एका ब्लॉकमधल्या, म्हणजे एका गटातल्या, ओळी सारख्याच आत असाव्यात, एवढाच पायथॉनचा आग्रह आहे. दोन स्पेस, तीन स्पेस, एक टॅब (एका कळीने पडणारी मोठी जागा), काहीही चालते. एका ब्लॉकला दोन आणि दुसऱ्याला पाच दिल्या तरी प्रोग्राम बिनतक्रार चालतो. दिसायला वाईट दिसेल, ते वेगळे. अडते ते टॅब आणि स्पेसची सरमिसळ केल्यावर: पायथॉन ३ अशा संदिग्ध ठिकाणी 'टॅब एरर' देऊन थांबते. चार स्पेसचा सल्ला येतो तो 'पेप ८' या २००१ च्या शैलीपत्रकातून. पायथॉनसोबत येणाऱ्या लायब्ररीचा कोड एकसारखा दिसावा म्हणून ते लिहिले गेले, आणि सुसंगतीचा अतिरेक करू नका हे त्यातच बजावले आहे.

म्हणजे व्याकरण एक आणि आवडनिवड दुसरी. मंडळाच्या सूचनेने दोन्हीची मोट बांधली आहे. त्यातून गमती होतात. एका केंद्रावर बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा नाही म्हणून गुण कापले जात होते. पेप ८ उघडून बघा: व्हेरिएबलला किंमत देताना जागा सोडा म्हटले आहे, पण फंक्शनला नावानिशी आर्ग्युमेंट देताना सोडू नका म्हटले आहे. मुलीने पुस्तकाबरहुकूम लिहिले होते. तपासणाऱ्याने आपल्या आवडीबरहुकूम कापले.

माझ्याही आवडीनिवडी आहेत, त्या लपवत नाही. मला चार स्पेस आवडतात. स्वल्पविरामानंतर जागा नसेल तर माझे डोळे अडखळतात. एका ओळीत कोंबलेला 'इफ' मला बघवत नाही. वर्गात मी हे सगळे रोज बोलते, जर्नलवर शेरे मारते. पण आवडीला गुणांची शिक्षा जोडायची नसते. व्यवसायात हा तंटा लोकांनी यंत्राच्या हवाली करून टाकला आहे. गो भाषेसोबत 'गोफम्ट' येतो, तो सगळ्यांचा कोड एकाच साच्यात बसवतो, तेही टॅब वापरून. गोफम्टची शैली कोणाचीच लाडकी नाही, पण गोफम्ट सगळ्यांचा लाडका आहे, असे त्या भाषेचे एक कर्ते रॉब पाइक म्हणून गेले आहेत. पायथॉनसाठी २०१८ मध्ये तसेच काम करणारा 'ब्लॅक' आला. कंपनीत लागलेला आमचा विद्यार्थी फाइल सेव्ह करतो आणि स्पेस आपोआप जागेवर बसतात. त्या कामासाठी परीक्षेत त्याचा अर्धा अर्धा गुण कापून आपण त्याला नेमके काय शिकवतो?

तिसरी गोष्ट उत्तरपत्रिकेची. तिच्यावर आडव्या रेघा आणि डावीकडे समासाची एक उभी रेघ, बाकी काही नाही. चार पातळ्या आत गेलेला कोड पेनाने लिहायचा तर चौथी पातळी अंदाजानेच येते. घाईत हात तिरका जातो. पहिल्या ओळीपासून दहाव्या ओळीपर्यंत सगळाच ब्लॉक बोटभर सरकतो. स्कॅन करून स्क्रीनवर तपासायला आले की पान स्वतःही थोडे कलते. मग मी स्क्रीनला पट्टी लावून बसायचे का? एखादी ओळ 'व्हाइल'च्या आत आहे की बाहेर हे खोडलेल्या अक्षरांतून ओळखताना मी मुलाच्या अकलेचे मोजमाप करत नसते, त्याच्या हस्ताक्षराचे करत असते.

यावर उपाय नवा शोधायलाही नको. मंडळातल्या ज्येष्ठ सदस्यांनी फोरट्रान ही जुनी भाषा शिकताना कोडिंग शीट वापरली असेल. भोके पाडून मजकूर नोंदवायच्या पंचकार्डाच्या ८० स्तंभांप्रमाणे चौकटी आखलेला कागद: पहिले पाच स्तंभ लेबलचे, सहावा मागची ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेचा, सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत विधान. त्या भाषेत विधानाच्या आतल्या मोकळ्या जागेला अर्थ नव्हता, पण कोणते अक्षर कोणत्या स्तंभात याला होता. हाताने लिहिताना स्तंभ चुकू नये म्हणून आखीव कागद दिला जायचा. इतकी साधी सोय त्या पिढीला मिळाली. पायथॉनमध्ये जागेवर त्याहून जास्त भार आहे आणि आमच्या मुलांना मात्र कोरी रेघोटी.

अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांबद्दल सूचनांमध्ये चकार शब्द नाही. लॅबमध्ये एनव्हीडीए हा स्क्रीनवरचे वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर आहे. ओळ किती आत आहे ते तो बोलून सांगतो, किंवा सुराच्या चढउताराने कळवतो. पाहिजे तर दोन्ही. त्याच्या मदतीने माझा एक विद्यार्थी इतरांइतक्याच वेगाने पायथॉन लिहितो, आणि तो टॅब वापरतो. एका पातळीला एक टॅब, मोजायला सोपा. ब्रेल डिस्प्लेवर (स्क्रीनवरचा मजकूर ठिपक्यांच्या घरांत उमटवणाऱ्या यंत्रावर) काम करणाऱ्यांचीही हीच अडचण असते: चार स्पेस म्हणजे चार कोरी घरे, आधीच मोजक्या असलेल्या घरांतून वजा. हाच मुलगा थिअरीच्या पेपरला लेखनिकासमोर बसतो. लेखनिक दुसऱ्या शाखेचा, पायथॉन न शिकलेला. मुलगा सांगतो, 'आता एक पायरी आत'. लेखनिक कधी आत घेतो, कधी नवा परिच्छेद समजून अंगठ्याएवढी जागा सोडतो. गुण कोणाचे कापायचे?

प्रात्यक्षिकाच्या मॅन्युअलबद्दल थोडक्यात. त्याची पीडीएफ आहे, तिच्यातून कोड कॉपी केला की कधी इंडेंटेशन गळून पडते, कधी साध्या स्पेसऐवजी दिसायला हुबेहूब पण वेगळीच 'नॉन-ब्रेकिंग' स्पेस येते आणि पायथॉन ती नाकारते. पहिल्या प्रात्यक्षिकाचा अर्धा तास यातच जातो. प्रोग्राम वेगळ्या फाइली म्हणून द्यायला काहीच खर्च नाही.

मंडळाचे संभाव्य उत्तर मला ठाऊक आहे: पेपर गोपनीय असतो, प्रूफ फार जणांना दाखवता येत नाही, छापखाना ठरलेला आहे. मान्य. पण गोपनीयता आणि चालवून न बघितलेला प्रोग्राम यांचा एकमेकांशी काय संबंध? पेपर काढणाऱ्यानेच कोड चालवून बघायचा आहे, त्यासाठी तिसऱ्या माणसाची गरज नाही. दुसरे उत्तर येईल की नियम एकदा निघाला, आता पुढच्या स्कीममध्ये (अभ्यासक्रमात) बघू. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' हे प्रोग्राम बांधण्याचे साधन लिहिले, त्यात आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा असे ठरले. थोड्याच दिवसांत त्यांना ते खटकले, पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते आणि त्यांचे बिघडू नये म्हणून फेल्डमननी ते तसेच ठेवले. तो टॅब आजही जगभर लोकांना छळतो आहे. आपल्या नियमाखाली तर राज्यभरची मुले येणार आहेत, तो रुजण्याआधीच बदला.

माझ्या मागण्या अशा आहेत. प्रश्नपत्रिकेतला प्रत्येक प्रोग्राम समान रुंदीच्या अक्षरांत, चौकटीत, ओळींना क्रमांक देऊन छापावा आणि तो एकाच पानावर असावा; जमल्यास पातळ्या दाखवणाऱ्या फिकट उभ्या रेषाही असाव्यात. पेपर सेटरने कोडची फाइल आणि ती चालवून मिळालेले आउटपुट मॉडेल आन्सरला जोडल्याशिवाय पेपर स्वीकारू नये. चार स्पेसची सूचना मागे घ्यावी. जिथे ओळ आत-बाहेर झाल्याने प्रोग्रामचा अर्थ बदलतो तिथेच गुण कापावेत, तेही त्या चुकीसाठी एकदाच, आणि हस्ताक्षरामुळे शंका असेल तर फायदा विद्यार्थ्याला द्यावा. शैली शिकवायची असेल तर ती प्रात्यक्षिकात, गोफम्ट-ब्लॅकसारखा फॉर्मॅटर वापरून शिकवू द्या. तिथे टॅब की स्पेस ही निवड मुलांवर सोडा. उत्तरपत्रिकेच्या शेवटी, निदान पुरवणीत, दोन पाने उभ्या रेषा आखून द्या. दृष्टिबाधित विद्यार्थ्यांना स्क्रीन रीडर असलेल्या कम्प्युटरवर हा पेपर लिहायची मुभा द्या. ते होईपर्यंत लेखनिकाने पातळी आकड्यात लिहिली, म्हणजे ओळीआधी १, २, ३, तर ती ग्राह्य धरा.

हे सगळे हिवाळी परीक्षेचे पेपर काढायच्या ऑर्डर निघण्याआधी व्हायला हवे. एक मागणी मात्र तेवढे थांबू शकत नाही. उन्हाळी परीक्षेच्या 'आउटपुट लिहा' या प्रश्नाचा निकाल अजून लागायचा आहे. '६', 'चार ओळी' आणि 'प्रोग्राम चालणार नाही' या तिन्ही उत्तरांना पूर्ण गुण देण्याचे शुद्धिपत्रक सर्व तपासणी केंद्रांना पाठवा, आणि ज्या केंद्रांचे काम आटोपले आहे तिथल्या उत्तरपत्रिका त्या एका प्रश्नापुरत्या पुन्हा उघडा.

आपली,
पायथॉन शिकवणारी आणि तपासणारी एक अध्यापिका